अर्ध्या इंचाच्या चुका

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या मागच्या बोळात एक काचेचं दुकान आहे. पाटी आहे, पण उन्हापावसानं इतकी पुसलीय की तिच्यावरून काही कळत नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहून "काचवाले मामा कुठं?" म्हणून विचारलं की कुणीही हात करून दाखवतं. गेल्या मे महिन्यात मी तिथं तीनदा गेले. एकदा माप न घेता, एकदा चुकीचं माप घेऊन आणि एकदा शेपूट घालून. दुकान कसं आहे तेच सांगायला बसलेय, पण त्यासाठी तिन्ही खेपा सांगाव्या लागतील.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. इथं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतो, मग ते डॉक्टर होवो नाहीतर दुकानदार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ या दोन फुटबॉल संघांची मॅच असली की आमच्या गल्लीत त्या दुपारी ब्लाउजच्या मापालासुद्धा कुणी येत नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. त्यामुळं "गल्लीत फुटबॉल खेळू नका" हे वाक्य इथं कुणी बोललं तरी ते स्वतःशी बोलल्यासारखंच.

आमचा सोनू तिसरीत आहे. रविवारी चारच्या सुमारास मी शिलाई मशीनवर होते. बाहेर दोन विटांचा गोल आणि सात-आठ पोरांचा कालवा. एकदम 'खळ्ळ' झालं आणि कालवा बंद. ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना सांगायला नको, आवाजापेक्षा ती शांतता वाईट असते. बाहेर येऊन बघते तर गल्ली रिकामी. विटासुद्धा गायब! समोरच्या आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी जुन्या सागवानाची, चार तावदानं, पिनहेडची दाणेदार काच. त्यातलं खालचं डावीकडचं तावदान गेलेलं.

पाचव्या मिनिटाला चिरंजीव मागच्या दारानं आत आले, न सांगता हातपाय धुतले आणि मराठीचं पुस्तक उघडून बसले. मे महिन्यात!

"काच कशी फुटली रे?"

"मांजर आलं होतं."

"मांजर फुटबॉल खेळतं का?"

"मी नाही केलं."

बॉल जिन्याखाली, पाण्याच्या बॅरलच्या मागं सापडला. माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. पण त्याचा चेहरा बघितला आणि हात खाली आला. काच फुटली त्याचं दुःख त्या चेहऱ्यावर नव्हतंच. आता आपलं काय होणार एवढंच होतं.

संध्याकाळी घरात कोर्ट भरलं. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत आहेत. त्यांचा निकाल : सुट्टी संपेपर्यंत बॉल जप्त आणि गल्ल्यातले सगळे पैसे आजींना. सासूबाईंचा निकाल : लेकराला काय फाशी देणार काय, मी देते पैसे, विषय संपला. नणंद शिक्षिका आहे, सुट्टीला आली होती. तिनं डी.एड.ला शिकलेली गोष्ट काढली. झाँ पियाजे म्हणून स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३२ साली लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ते मुलांना दोन गोष्टी सांगायचे. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलतो, दारामागं ट्रे असतो हे त्याला माहीत नसतं आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला जॅम चोरायला चढतो आणि त्याच्या धक्क्यानं एक कप फुटतो. जास्त वाईट कोण वागलं? सहा-सात वर्षांची बरीच मुलं म्हणायची, पंधरा कपवाला. नऊ-दहाच्या आसपासची मुलं मग 'मुद्दाम केलं का चुकून झालं' हे बघायला लागायची.

नणंदेनं तीच गोष्ट सोनूला सांगितली. तो दोन्हींच्या मधल्या वयाचा, म्हणून आम्ही कान टवकारून बसलो. त्यानं जरा विचार केला आणि विचारलं, "पंधरा कपांचे पैसे कुणी दिले?"

यावर कोर्ट उठलं. ठरलं ते असं : नवीन काच बसेपर्यंत बॉल कपाटावर, त्याच्यापुढं एक दिवसही नाही. आजींना तोच सांगणार. काच आणायला तोच माझ्याबरोबर येणार आणि पैशातला एक वाटा त्याचा. वाटा किती, ते दुकानात गेल्यावर बघू.

आजींकडं मी पायरीखालीच थांबले. तो उंबऱ्यात उभा राहिला, दाराची कडी हलवत. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आजी, काच मी फोडली. मांजरानं नाही."

आजींना मांजराचं प्रकरण माहीतच नव्हतं. "कुठलं मांजर रे?"

मग ते पण सांगावं लागलं. आजी चौऱ्याहत्तरच्या, मुलगा पुण्याला. त्या "जाऊ दे गं, पोरं खेळायचीच" म्हणाल्या. अशा वेळी आपल्याला बरं वाटतं आणि आपण पोराला घेऊन घरी येतो. पण आत ओट्यावर, कणकेच्या परातीत, पाण्याच्या घागरीभोवती सगळीकडं काचेचा चुरा होता. मी झाडून घेतलं. त्याला काचेला हात लावू दिला नाही, नुसती बॅटरी धरायला लावली, कारण बारीक कण आडव्या उजेडातच चमकतात. परातीतली कणीक टाकून द्यावी लागली ती त्यानं बघितली. रात्री आमच्याकडचा भाजी-भाकरीचा डबा त्यानंच नेऊन दिला. खिडकीला पुठ्ठा लावल्यामुळं आजींच्या स्वयंपाकघरात अंधार झाला होता. परत आला तो म्हणाला, "आजींना दिवसापण लाइट लावायला लागणार." आम्ही त्याला त्या दिवशी जेवढं बोललो त्यातलं एकही वाक्य त्याला इतकं लागलं नसेल.

पहिली खेप मंगळवारी. सोमवारी दुकान बंद असतं, हे बंद शटर बघून कळलं होतं, ती खेप मी धरतच नाही. दुकान म्हणजे बारा फुटांची अरुंद खोली. दोन्ही भिंतींना काचा उभ्या लावलेल्या, मधे जुनं ब्लँकेट अंथरलेलं मोठं टेबल. बसायला काही नाही. मामा साठीचे असतील, बोटांना चिकटपट्ट्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"माप?"

मी हातानं दाखवलं, असं एवढं.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. खणातून एक जुना लोखंडी टेप काढला आणि सोनूच्या हातात दिला. "घरला न्हे. खाचंतलं माप घ्यायचं, उजेडाचं नगं. आनि तूच लिवून आन."

सोनूनं टेप ओढला, टोकाची आकडी त्याच्या बोटात सैल हलली आणि तो एकदम दचकून म्हणाला, "मी नाही तोडलं!"

दोन दिवसांपासून हे चाललं होतं. घरात भांडं पडलं तरी याचं आधी "मी नाही केलं". मामांनी टेप हातात घेतला आणि आकडी पुढंमागं हलवून दाखवली. म्हणाले, ती सैलच असती. काठाला अडकवून मोजलं की ती बाहेर सरकते आणि आत टेकवून मोजलं की आत दबते. जेवढी आकडीची जाडी तेवढीच ती हलते, म्हणजे दोन्हीकडून माप बरोबर येतं. मी वीस वर्षं शिवणकाम करतेय आणि लोखंडी टेपची आकडी ढिली झाली म्हणून आमच्याकडचे दोन टेप मी स्वतः टाकून दिलेत. गप्प बसले.

आता माझी कथा. दुपारी घरी गिऱ्हाईक बसलेलं, लग्नाचा ब्लाउज, हुक लावायचे राहिलेले. मधेच आजींकडं पळाले. खिडकीच्या तावदानाला बाहेरून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या काढल्या की चौकटीची खाच दिसते. काच त्या खाचेत बसते. पट्ट्या तशाच होत्या आणि खाचेत जुन्या काचेचे दात अडकलेले. ते सगळं काढायचं म्हणजे अर्धा तास. मी गळ्यातला कापडी टेप काढून, जेवढा मोकळा भाग दिसत होता तेवढा मोजला.

सोनू म्हणाला, "मम्मी, मामा म्हणाले खाचेत मोजायचं."

"मला शिकवू नकोस. दिवसाला दहा मापं घेते मी. लिही, साडेसतरा बाय साडेतेवीस."

त्यानं कॅलेंडरच्या जुन्या पानामागं लिहिलं.

दुसरी खेप बुधवारी सकाळी. मामांनी कागद बघितला. "खाचंतलं हाय न्हवं?" मी म्हणाले, "हो, हो." सोनूनं माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही. ते बघणं मला आजही आठवतंय.

"कुणी लिवलंय? नाव टाक."

सोनूनं खाली नाव टाकलं. मग मामांनी दोन्ही मापांतून एक-एक सूत वजा केलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं आणि काचवाल्यांचं माप. पावसाळ्यात लाकूड फुगतं, काचेला हालायला जागा नसली तर ती तडकते, म्हणून एवढी सूट. कापडात आम्ही उलटं करतो, मापापेक्षा जास्त कापतो आणि आत शिलाई सोडतो. दिवाळीनंतर गिऱ्हाईक वाढलं की उसवून मोठं करता येतं.

काच कापताना मात्र त्यांनी सोनूला टेबलापासून चार हात लांब उभं केलं. जमिनीवर खडूची रेघ आहे, तिच्या अलीकडं यायचं नाही. पट्टी धरली, कापायचं हत्यार रॉकेलच्या डबीत बुडवलं आणि एकदाच, वरपासून खालपर्यंत, न थांबता ओढलं. कुर्रर्र असा एकसारखा आवाज. बघितलं तर काचेवर केसाएवढी रेघ, कापलं काहीच नव्हतं. मला वाटलं आता ते परत फिरवणार. नाही. हत्याराच्या मुठीनं खालून दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, ती रेघ टेबलाच्या काठावर आणली आणि तळहातानं दाबली. टक्! कापलेला भाग हातात. त्या हत्यारानं काच कापली जातच नाही, नुसता ओरखडा उठतो आणि तड त्या ओरखड्याच्या मागनं जाते.

"परत एकदा का नाही फिरवलं?" सोनू.

"दुसऱ्यांदा फिरीवलं की तड कुठं बी पळती. सरक मागं."

आता हत्याराला बारीक चाक असतं. त्यांचे वडील हिऱ्याची कणी बसवलेलं वापरायचे, त्याला हिरकणी म्हणतात. आम्हाला हिरकणी म्हटलं की एक तर रायगडाचा बुरूज नाहीतर एसटीची गाडी.

आजींच्या खिडकीतली पिनहेड काच मिळाली नाही. त्या दाण्याची आता येत नाही म्हणाले, जवळपासची दाखवली ती आजींच्या इतर तावदानांशेजारी ठिगळासारखी दिसली असती. आजींनी आधीच सांगितलं होतं, नाही मिळाली तर साधी आण. चार मिलिमीटरची साधी काच, पासष्ट रुपये चौरस फूट. हिशेब तीन-तीन इंचांच्या टप्प्यानं करतात, म्हणजे साडेसतराचे अठरा आणि साडेतेवीसचे चोवीस. दीड फूट गुणिले दोन फूट, तीन चौरस फूट, एकशे पंच्याण्णव रुपये. मला हे जरा खटकलं, पण अर्ध्या इंचाची उरलेली पट्टी त्यांच्या काय कामाची, हेही खरं.

सोनूला 'चौरस फूट' कळेना. मामांनी मार्करनं काचेवर एक फूट बाय एक फुटाचा चौकोन काढला. "ह्यो एक. असलं तीन बसत्यात हिच्यात." तिथल्या तिथं मला त्याचा वाटा सापडला. एक चौकोन सोनूचा, दोन आमचे. त्यानं पिशवीतनं नाणी काढली. गल्ला घरीच उघडून आणला होता, काळजीनं. मामांनी क्यूआर कोडवाल्या पाटीकडं बोट दाखवलं नाही. टेबलावर पाच-पाचचे ढीग करून सगळे मोजले, एक रुपया परत दिला. "सहासष्ट हुतं." बाकीच्यांचे मी मोबाइलवरून दिले.

निघताना ते पोराला म्हणाले, "आनि चुका हायत का घरात?"

सोनूचा चेहरा उतरला. "एकच," तो म्हणाला. "आणि मांजराचं खोटं बोललो ती दुसरी."

मामांचा हाताखालचा पोऱ्या खाली बसून हसायला लागला. मामा हसले नाहीत, डब्यातून बारीक खिळ्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. काच धरणाऱ्या पट्ट्या ठोकायला लागतात त्या या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. अर्ध्या इंची चुका, पंधरा रुपयांना पुडी. सोनूला अजून वाटतं की पुडीत खिळे होते आणि विचारलं दुसरंच होतं.

काच रिक्षातून आणली. साधारण पावणेतीन किलो भरते, वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. उभीच धरायला सांगितली. आडवी धरली की स्वतःच्या वजनानं वाकते आणि एका खड्ड्यात काम होतं. आमचे रस्ते माहीत असतील तर हे सांगायला नको. सोनूनं शिवाजी पेठ येईपर्यंत रिक्षावाल्याला चार वेळा "काका, हळू" म्हटलं. ज्या पोरानं बॉल मारताना पलीकडं खिडकी आहे हे बघितलं नव्हतं ते.

बसवायला दीर आले. पट्ट्या काढल्या, खाचेतले जुने तुकडे पक्कडीनं उपटले, खाच पुसली. जाड हातमोजे घालून काच उचलली, खाचेला लावली. आणि काच खिडकीतून पलीकडं निघाली. अगदी आरपार. दिरांनी कडा घट्ट धरली होती म्हणून, नाहीतर थेट आजींच्या ओट्यावर.

हिशेब सोपा आहे. खाच चारी बाजूंना पाव-पाव इंच. मी मोकळा उजेड मोजला, साडेसतरा. खाचेतलं माप अठरा. मामांनी माझ्या साडेसतरातून आणखी एक सूत कमी केलं. म्हणजे खिडकीच्या भोकापेक्षा काच लहान!

माझं पहिलं वाक्य काय असावं? "मामांनीच कमी कापली."

सोनू शेजारी उभा होता, चुकांची पुडी हातात धरून. हळूच म्हणाला, "मम्मी, आपण खाचेत टेप नव्हता घातला."

तिसऱ्या खेपेला मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण दुकानाबद्दल लिहायचं तर हेच लिहायला पाहिजे. काल घरात कबूल झालेली गोष्ट मी दुकानाच्या पायरीवर परत विसरले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत म्हणाले, "मामा, काच लहान झाली हो तुमची."

मामा वाद घालत बसले नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या कागदांतून आमचं कॅलेंडरचं पान काढलं, सोनूपुढं धरलं. "अक्षर कुणाचं?"

"माझं," सोनू म्हणाला. आणि खाली बघायला लागला.

त्या पोरानं ते स्वतःवर घेतलं. मी सांगितलेलं माप, माझी घाई, माझा कापडी टेप. मला एकदम तो जिन्याखालचा बॉल आठवला. "नाही," मी म्हणाले, "अक्षर त्याचं आहे, माप माझं. त्यानं मला सांगितलं होतं खाचेत मोज म्हणून, मी ऐकलं नाही."

मला वाटलं होतं, आता हे काहीतरी बोलणार, निदान पोरासमोर दोन शब्द सुनावणार. त्यांनी नवीन माप मागितलं. या वेळी लोखंडी टेपनं, खाचेत, वर, मधे आणि खाली तीन ठिकाणी घेतलं होतं, कारण जुनी चौकट कधी काटकोनात नसते. ते वाचलं, एक सूत वजा केलं आणि म्हणाले, "मग आता तिन्ही फूट तुमचं." झालं. परत एकशे पंच्याण्णव. पट्ट्या आणि चुका होत्याच.

रिक्षात सोनूनं विचारलं, "तुझा किती फूट, मम्मी?"

"तिन्ही."

"माझा एकच होता," तो म्हणाला. समाधानानं म्हणाला, असं मला वाटलं. वाटू दे.

'कापलेली काच परत घेतली जाणार नाही' असा बोर्ड तिथं ठळक लावलाय आणि तो पाळतातही. पण लहान झालेल्या काचेतून त्यांनी बारा बाय पंधराचा तुकडा फुकट कापून दिला, फ्रेमला. राहिलेल्या पट्ट्या कोपऱ्यातल्या पिंपात टाकल्या. ते भंगारवाला नेतो, काचेच्या भट्टीत नव्या मालाबरोबर वितळवतात. फुटकी काच कमी आचेवर वितळते, त्यामुळं भट्टीलाही ती परवडते. आमच्या ह्यांना हे ऐकून फार बरं वाटलं. फौंड्रीतही कास्टिंग रिजेक्ट झालं की ते परत भट्टीतच जातं. "पण वीज, माणसं, वेळ, ते कुणाच्या खात्यात?" असं मात्र ते दर वेळी म्हणतात.

आजींना काच आणखी एक दिवस लांबली. घरी आल्यावर सोनू दारातच थांबला. "आता आजींना तू सांगणार ना?"

गेले. उंबऱ्यात उभी राहिले. कडी मीही हलवली असेन, लक्षात नाही. सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, "काय गं, तुझंपण मांजर का?"

आता दुकानाबद्दल सरळ. काम चोख आहे. दुसऱ्यांदा बरोबर माप दिल्यावर काच खाचेत अशी बसली की दिरांना एकदाही घासावं लागलं नाही. दर मला तरी रास्त वाटला. पोराशी ते 'बाळा, सोन्या' करत बोलत नाहीत, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच तुटक बोलतात. मला आधी ते खडूस वाटलं होतं. पण त्यांनी त्याचं लिहिलेलं माप माप म्हणून घेतलं, त्याची नाणी पैसे म्हणून मोजली. नाव लिहायला लावण्यामागं काही फार मोठं तत्त्व आहे असं मला वाटत नाही. माझ्यासारखी गिऱ्हाइकं रोज येत असणार, त्यांना कंटाळून काढलेला तो उपाय आहे.

तक्रारीही आहेत. दुपारी दीड ते चार बंद, आणि चार म्हणजे साडेचार. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. एका तावदानासाठी बसवायला माणूस पाठवत नाहीत, तो आपला आपण बघायचा. काचेच्या कडा घासून हव्या असतील तर ते आपण विचारायचं, ते होऊन सांगत नाहीत. आम्ही विचारलं नव्हतं आणि दिरांचे हातमोजे दोन ठिकाणी कापले. मामा स्वतः उघड्या हातानं कापतात, त्या चिकटपट्ट्या उगीच नाहीत. आणि जमिनीवर बारीक कण असतातच, पोराला नेणार असाल तर पायात बूट घालून न्या, चप्पल नको. खडूची रेघ आहे म्हणून मी नेलं, ती नसती तर बाहेर उभं केलं असतं. पाचपैकी चार तारे, तो कापलेला एक दुपारच्या बंद शटरसाठी.

काच बसली त्या संध्याकाळी बॉल कपाटावरून खाली आला. पोरांनी गोल आता फिरवलाय, बॉल मारणाऱ्याची पाठ खिडकीकडं येईल असा. तो सोनूनं सुचवला का दुसऱ्या कुणी, विचारलं नाही. चार तावदानांपैकी तीन दाणेदार आणि एक आरपार. आजी त्या एका काचेतून मॅच बघतात आणि कुणी हातानं बॉल अडवला की आतून बांगडीनं टकटक करतात. कापलेल्या तुकड्यामागं गल्लीच्या टीमचा फोटो लागलाय. त्यात सोनू दुसऱ्या रांगेत आहे, डोळे मिटलेले.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सकाळी दहानंतर. माप खाचेतलं घ्या, तीन ठिकाणी, आणि पट्ट्या काढायचा कंटाळा करू नका. चुका घरून नेऊ नका, तिथं मिळतात.